शीड शिवणारी ठकूबाय आणि चार वादळं

फार वर्षांपूर्वी म्हणजे नेमकं कधी, ते मला विचारू नका. आमच्याकडे वर्षं कुणी मोजली नाहीत. होड्यांना यंत्र नव्हतं, वाऱ्यानं जायचं आणि वाऱ्यानंच परतायचं, एवढं जुनं समजा. ऐकणाऱ्यांत पोरं असतील तर त्यांनी पुढे बसावं. म्हातारे असतील तर त्यांनी मधे बोलू नये, कारण प्रत्येकाला वाटतं ही गोष्ट आपल्यालाच नीट येते.

धामणवेळ हे कोळ्यांचं गाव. मागे सडा, म्हणजे कातळाचा उंच सपाट माथा, पुढे दर्या, बाजूला खाडी. खाडीपलीकडे पल्याडचा पाडा आणि त्याच्यामागे त्यांची टेकडी. खाडीच्या तोंडाशी वाळूचा लांब दांडा आहे. पाणी चढलं की तो दिसत नाही, पण असतो. गावातल्या बायका नवऱ्याबद्दल अजून म्हणतात, आमचा माणूस दांड्यासारखा आहे, दिसत नाही पण बरोबर आडवा येतो.

गावच्या देवीचं देऊळ अगदी वाळूला लागून होतं. देवळात तांब्याचा नगारा होता, एवढा थोरला की त्याच्या पोटात माणूस मावला असता. आभाळ काळं झालं, वारा उठला, की गावचा पाटील नगाऱ्यावर जोडठोका द्यायचा. धडधड, धडधड. त्याचा अर्थ, वादळ आलं, असाल तिथून घरी या. वादळ सरलं की तीन सुटे ठोके. धड, मग धड, मग धड. तिसरा ठोका पडला की भय संपलं, खाली उतरा, कामाला लागा. पल्याडच्या पाड्याला स्वतःचा नगारा नव्हता. तेही आमच्याच नगाऱ्यावर उठायचे आणि बसायचे. वादळ म्हणजे वादळ, त्याला आणखी काय नाव असायचं, असं तेव्हा सगळ्यांना वाटत होतं. एका बाईला सोडून.

ती ठकूबाय. ती शिडं शिवायची. मांडीवर जाड कापड, तळहातावर कातड्याचा तुकडा बांधलेला, हातात दाभण आणि मेणातून ओढलेला दोरा. असं म्हणतात की तिनं शिवलेलं शीड आडवं धरून त्यात पाणी ओतलं तर कापडातून गळायचं, पण शिवणीतून थेंब यायचा नाही. मी ते पाहिलेलं नाही. पण तिची खरी विद्या शिवण्यात नव्हती, बघण्यात होती.

फाटलेलं शीड समोर आलं की ती आधी फाटीच्या कडेवरून बोट फिरवायची. एकदा एका नाखव्यानं शीड आणून टाकलं आणि सांगितलं, तीन दिवस वादळाशी झुंजलो म्हणून उशीर झाला. ठकूबायनं बोट फिरवलं. फाट वरपासून खालपर्यंत सरळ, एका झटक्यात गेलेली. ती म्हणाली, हे तर घटकाभराचं काम आहे, बाकीचे दिवस कुठे होतास ते घरी बायकोला सांग, मला नको. त्या नाखव्यानं नंतर कधी शिडाच्या नावावर थाप मारली नाही.

अशी सरळ फाट ज्याची, त्याला ती पळपुटा म्हणायची. तो क्षितिजावर काळी रेघ ओढून येतो, मोठमोठ्यानं दार वाजवतो आणि दार उघडायच्या आत पळून जातो. त्याच्यापुढे किनाऱ्याकडे धावत सुटायचं नाही. शीड उतरवायचं, नांगर टाकायचा, होडीचं नाक त्याच्याकडे करायचं आणि भाताला कढ येईपर्यंत कळ काढायची.

कडकड्या वेगळा. त्याच्या फाटीची कड काळी पडलेली असते आणि कापडाला विस्तवाचा वास येतो. तो उंच उभ्या असलेल्यावर दात धरतो, म्हणून त्याच्यात डोलकाठी आडवी करायची आणि आपणही आडवं व्हायचं. झाडाखाली गेलात तर तुम्ही शहाणे नाही. सोंड त्याहून निराळी. ती ढगातून खाली उतरते आणि पाणी ओढून घेते. तिनं धरलेलं शीड धुणं पिळल्यासारखं दिसतं, आणि शेजारच्या होडीत सुकत घातलेले बोंबीलसुद्धा जागचे हललेले नसतात. सोंडेपुढे पळालात तर ती पाठीला लागते. तिच्या वाटेतून बाजूला व्हायचं, आडवं निघून जायचं, ती आपल्या वाटेनं निघून जाते.

चौथं जातं. जात्यानं फाडलेलं शीड ठकूबायनं उभ्या जन्मात एकच पाहिलं होतं, तेही आजीच्या पेटीत. तिच्या आजीचा आजा मोठ्या गलबतावर होता, त्याचं ते शीड. डावीकडून मधापर्यंत फाटलेलं, उजवीकडूनही मधापर्यंत फाटलेलं, आणि मधे वीतभर कापड शाबूत. त्या वीतभर कापडावर एक नवं ठिगळ होतं, अर्धं लावलेलं. ठकू लहानपणी त्या ठिगळाकडे बघत बसायची. वादळ चालू असताना ठिगळ लावायला कोण बसेल? कुणीच नाही. म्हणजे वादळ थांबलं होतं. ऊन पडलं असेल, त्या आज्याला वाटलं असेल सुटलो, आणि तो दोरा ओवून बसला असेल. मग उलट्या बाजूनं दुसरा तडाखा आला, आणि ठिगळ अर्धंच राहिलं.

आजी म्हणायची, हे वादळ जात्यासारखं फिरतं, आणि जात्याला मधे तोंड असतं. आपण म्हणतो जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात. आजी म्हणायची की नुकता तोंडात पडलेला दाणाही हसतो. वरून उजेड येत असतो, त्याला वाटतं आपली सुटका झाली.

हे सगळं ठकूबाय सांगायची आणि लोक हो हो म्हणायचे. बायका काहीबाही बोलतात, त्यातलंच एक समजायचे. तिचा नवरा पोशा नाखवा मात्र ऐकायचा. तो दर्यावर निघाला की ती विचारायची, काळी रेघ दिसली तर काय करशील? तो म्हणायचा, नांगर टाकीन आणि तुझं नाव घेऊन बसेन. ती म्हणायची, नाव नको घेऊ, नाक वाऱ्याकडे ठेव.

मग एका वैशाखात, भर दुपारी, सहा होड्या बाहेर असताना, क्षितिजावर काळी रेघ उमटली.

तेव्हा गावचा पाटील होता जोमा. आडदांड, पांढऱ्या मिश्यांचा, शब्दाचा पक्का. वाईट माणूस नव्हता, तेही सांगून टाकते. पण आज्यानं केलं ते बापानं केलं आणि बापानं केलं ते मी करणार, यापलीकडे त्याची अक्कल चालत नव्हती. त्यानं नगाऱ्यावर जोडठोका धरला. ठकूबाय धावत देवळात गेली. तिनं सांगितलं, हा पळपुटा आहे, त्यांना बाहेरच राहू दे, आता पाणी ओसरतंय, दांडा वर आलाय, ते आत घुसले तर दांड्यावर फुटतील. जोमा पाटील म्हणाला की शिडं शिवणारीला विचारून नगारा वाजवायची वेळ अजून आली नाही. आणि तो वाजवत राहिला.

नगारा ऐकून जो परतणार नाही त्याला जमात वाळीत टाकायची. पोशाला बायकोचं बोलणं आठवलं असेलच. पण त्याच्या होडीत आणखी चार माणसं होती, त्यांची घरं होती. त्यानं होडी वळवली. सहापैकी दोन होड्या दांड्यावर आपटून फुटल्या आणि नऊ माणसं गेली. पोशाला वाळूवर आणून ठेवलं तेव्हा ऊन पडलेलं होतं आणि दर्या तेलासारखा सपाट होता. अख्खा पळपुटा येऊन गेला त्याला भाताच्या एका कढाएवढाच वेळ लागला होता. ठकूबायला हेच कधी सोसलं नाही. नवरा गेला त्याहून, तो जायचं काही कारण नव्हतं, हे.

तेराव्याला जमात बसली. सगळे म्हणाले, काय करणार, वादळानं नेलं, दर्याची मर्जी. ठकूबाय बायकांतून उठून पुढे आली.

"कंचा वादल?" तिनं विचारलं.

 कंचा म्हणजे कुठला, आणि असा प्रश्न असू शकतो हेच कुणाला माहीत नव्हतं.

"मी सांगते कंचा तो," ती म्हणाली. "वादलानं नाय मारला माज्या घोवाला. पाटला, तुज्या नगाऱ्यानं मारला."

असं त्या गावात पाटलाला कुणी कधी बोललं नव्हतं. जोमा पाटील काळानिळा पडला. दुःखानं बाईचं डोकं फिरलंय असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा तो म्हणाला, डोकं कसलं फिरतंय, नावच ठकू, ती ठकवणारच. काही लोक हसले. ठकूबायनं कोण कोण हसलं ते पाहून ठेवलं आणि तिथंच सांगितलं की उद्यापासून फाटकं शीड घेऊन येणाऱ्यानं आधी ते कुठल्या वादळानं फाडलं त्याचं नाव घ्यायचं. नुसतं वादळ म्हणणाऱ्याचं शीड तसंच परत जाईल.

जोमानं हुकूम काढला, तिच्याकडे कुणी शीड न्यायचं नाही. मग महिनाभर गावातल्या पुरुषांनी आपापली शिडं आपण शिवली. ती शिवण पाहून बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एका होडीचं शीड पहिल्याच वाऱ्याला मधोमध उसवलं आणि चार धट्टेकट्टे कोळी वल्ही मारत, घामाघूम होऊन, साऱ्या गावासमोर परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूबायच्या अंगणात सात शिडं पडली होती. मालक कुंपणाबाहेर उभे होते.

"कंचा?" ती एकेकाला विचारत गेली.

बिचारे आठवू लागले. वारा कुठून आला, किती वेळ राहिला, ढगाला रंग कसला होता, विजा होत्या का, पाणी गोल फिरत होतं का. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वादळाकडे मागे वळून बघितलं. असं म्हणतात की चार-पाच वर्षांत धामणवेळचं शेंबडं पोरही आभाळाकडे बघून पळपुटा आला की कडकड्या ते सांगू लागलं. होड्या बाहेर असताना रेघ दिसली तर नाखवे नांगर टाकून बसायचे आणि नगारा ऐकूच आला नाही असं घरी येऊन सांगायचे. सगळेच सांगायचे म्हटल्यावर जमात कुणाकुणाला वाळीत टाकणार? जोमा पाटील नगारा बडवून दमायचा.

पण पल्याडच्या पाड्याला फक्त नगाराच माहीत होता. आणि तिथे ठकूबायची एकुलती लेक हौशी दिलेली होती. तिनं सासरी चार वादळं सांगून पाहिली. सासू म्हणाली, तुझ्या आईच्या गोष्टी तुझ्या आईच्या घरी. सुनेचं कुठे कोण ऐकतं.

आता ज्या दिवसासाठी मी ही गोष्ट सांगायला घेतली, तो दिवस.

कार्तिक महिना होता. वारा पडला होता आणि तरीही लाटा येत होत्या, लांब, जड, एकामागून एक, दमानं. कुर्ल्या वाळू सोडून वर झाडांच्या मुळाशी चढत होत्या. मावळतीला आभाळ तांब्यासारखं झालं. ठकूबायनं शिडाचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं आणि ते खाली ठेवून उठली. ती दारोदार गेली आणि एवढंच सांगितलं, जातं येतंय. पूर्वी हसली असती ती माणसं हसली नाहीत. दोन दिवस खपून होड्या सड्याच्या पायथ्याशी ओढून नेल्या, गुरं वर नेली, तांदूळ वर नेले. जोमा पाटील म्हणाला, आज्याच्या काळात असलं काही नव्हतं. त्याच्या बायकोनं ते ऐकून घेतलं, हंडा डोक्यावर घेतला आणि सगळ्यांच्या आधी सड्यावर जाणाऱ्या पाखाडीच्या पायऱ्या चढू लागली.

तिसऱ्या दिवशी फटफटताना वारा सुटला तेव्हा जोमानं जोडठोका दिला, आणि या वेळी ते बरोबरच होतं. पल्याडचे लोक आपल्या टेकडीवर चढले. त्यांच्यात हौशी होती, दीड महिन्याचं मूल पोटाशी बांधून. आमचे लोक सड्यावरच्या जुन्या चिरेखाणीत, कापलेल्या कातळाच्या आडोशाला बसले. जोमाही शेवटी येऊन बसला.

वारा डोंगराकडून येत होता, दर्याकडे. सकाळभर त्यानं छपरं उचलून पाण्यावर फेकली. माड जमिनीला टेकले. म्हातारे सांगतात की त्या वाऱ्यानं दर्याला मागे ढकललं, एवढं मागे की तळातली कुणी कधी न पाहिलेली खडपं उघडी पडली. आणि मग दुपारी, ऐन माथ्यावर सूर्य असताना, वारा थांबला. कुणी दार लावून घ्यावं तसा.

ऊन पडलं. डोक्यावर गोल निळं आभाळ, आणि चारी बाजूंना ढगांची भिंत. थकलेली समुद्रपाखरं चिरेखाणीत येऊन माणसांच्या मांडीवर पडू लागली. पोरं हसली, मग मोठी माणसं हसली. खाली उघड्या वाळूवर मासळी चांदीसारखी उडत होती. घरं किती उरली ते बघायला लोक उठले.

ठकूबाय पाखाडीच्या तोंडाशी जाऊन आडवी उभी राहिली. ती म्हणाली, आपण आता जात्याच्या तोंडात आहोत. पहिला वारा डोंगराकडून आला, दुसरा दर्याकडून येईल, आणि रिकाम्या हातानं येणार नाही, मागे ढकललेलं सगळं पाणी घेऊन येईल. लोकांना ते पटलं. पण पटणं वेगळं आणि बसून राहणं वेगळं. डोळ्यांसमोर आपलं घर मोडून पडलेलं असताना उन्हात स्वस्थ कोण बसेल? कुणी म्हणालं नुसतं बघून येतो, कुणी म्हणालं चुलीजवळ देव राहिलेत.

तेव्हा तिनं काय केलं? तिनं वर आणलेलं सगळ्यात मोठं शीड चिरेखाणीत पसरलं आणि कंबरेची सुरी काढून ते मधोमध टरकावलं. स्वतःच्या हातानं शिवलेलं शीड. लोक बघतच राहिले. तिनं दाभणात दोरा ओवला आणि जवळच्या बाईच्या हातात दिला.

"सगल्यांनी एकेक टाका घालायचा," ती म्हणाली. "पोरांनीबी. शेवटचा टाका माजा. तो पडल्याबिगर कुनी उठायचा नाय."

हातात काम आलं की माणूस बसतो. दाभण फिरू लागलं. ठकूबाय माणसं मोजू लागली, आणि मोजताना तिला दिसलं की जोमा पाटील जागेवर नाही.

तो मागच्या चोरवाटेनं खाली उतरला होता. त्याचंही खरंच होतं म्हणा. गावात त्याचं आता काही चालत नव्हतं, एक नगारा तेवढा राहिला होता. वादळ सरलं आणि तरी नगारा बोलला नाही, तर तो पाटील कशाचा? तो तीन सुटे ठोके द्यायला गेला होता. आणि समोरच्या टेकडीवर सारा पाडा त्याच तीन ठोक्यांची वाट बघत उभा होता. तिसरा ठोका ऐकला की ते सगळे, म्हातारेकोतारे आणि हौशी आणि तिचं मूल, हसत खाली वाळूवर उतरले असते.

ठकूबायनं हे कुणाला समजावून सांगितलं नाही. मी आले, एवढं म्हणाली आणि सुरी हातात घेऊन पाखाडी उतरू लागली. तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे होतं. असं म्हणतात की तिनं एकशेवीस पायऱ्या चार उड्यांत संपवल्या. चार नसतील, पण ती धावली, हे वरून सगळ्यांनी पाहिलं.

ती अर्ध्यात असताना पहिला ठोका पडला. समोरच्या टेकडीवरची बसलेली माणसं उठून उभी राहिली. ती देवळाच्या दाराशी पोचली तेव्हा दुसरा पडला. माणसांनी गाठोडी उचलली. पश्चिमेला, ढगांच्या भिंतीखाली, पाण्याची एक करडी रेघ जाड होत होती. जोमानं तिसऱ्या ठोक्यासाठी टिपरू उचललं आणि ठकूबायनं सुरी नगाऱ्याच्या कातड्यात खुपसून या काठापासून त्या काठापर्यंत ओढली. टिपरू खाली आलं ते फाटक्या कातड्यातून आत गेलं. आवाज झाला तो उशीवर मारल्यासारखा.

पल्याडची माणसं गाठोडी हातात घेऊन तिसऱ्या ठोक्याची वाट बघत उभी राहिली. आज्ञाधारक माणसं ती, दोन ठोक्यांवर हलली नाहीत.

जोमा पाटील म्हणाला, "देवीचा नगारा हाय तो, ठकू."

"देवी माजा बघून घेईल," ती म्हणाली. "तू पानी बघ."

त्यानं वळून पाहिलं. आता ती रेघ राहिली नव्हती. वारा दर्याकडून आला, पहिल्यापेक्षा दुप्पट, आणि त्याच्या पुढे माडाएवढं पाणी उभं राहून चालत येत होतं. जोमाचे गुडघे धरले होते, त्याला पायऱ्या चढवेनात. ज्या माणसाच्या नगाऱ्यानं तिचा नवरा मारला, तो माणूस तिच्यासमोर उभा होता. तिला सोडून जाता आलं असतं. तिनं नगाऱ्याचं उरलेलं कातडं ओरबाडून काढलं, पाटलाला मानेला धरून तांब्याच्या पोटात कोंबलं, गुडघे छातीशी, मिश्या गुडघ्यांवर, आणि नगारा दारातून बाहेर ढकलून दिला. लाटेनं तो उचलला, गरगर फिरवला, दोन माडांवर वाजवला आणि पाखाडीच्या साठाव्या पायरीवर नेऊन ठेवला. पाटील त्यातून बाहेर आला तो जिवंत होता. पण असं म्हणतात की त्यानंतर तो जन्मात कधी मोठ्यानं बोलला नाही.

ठकूबाय देवळाच्या पायरीवर उभी होती. ती पळाली नाही, पळायला वेळच नव्हता. म्हणतात की दर्या तिच्यासमोर येऊन थबकला आणि त्यानं विचारलं, मी कोण? तो सगळ्यांनाच हे विचारत आला होता, आणि माणसं नुसती वादळ वादळ म्हणून किंचाळायची आणि तो त्यांना घेऊन जायचा.

"तू दलायचा जाता हायस," ठकूबाय म्हणाली. "अर्धा दलून झाला तुजा, अर्धा ऱ्हायला. सांजेला तू सपशील. मंग तू जाशील, आनि आमी हितंच ऱ्हाऊ."

आता हे ऐकलं कुणी? त्या वाऱ्यात माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मी लहानपणी माझ्या आत्याला हे विचारलं तर तिनं मला टपली मारली. पण ठकूबाय काहीतरी बोलली असणारच. गप्प राहायचं तिला कधी जमलं नाही.

पाणी सड्याच्या निम्म्यापर्यंत चढलं. देऊळ गेलं, घरं गेली. वर चिरेखाणीत लोक शीड अंगावर ओढून, एकमेकांना चिकटून शिवत राहिले. दाभण दिसत नव्हतं, बोटांना टोचत होतं, तरी ते पुढच्याच्या हातात जात होतं. संध्याकाळी वारा पडला. या वेळी कुणी हसलं नाही आणि कुणी उठलंही नाही. सगळ्यांचे टाके घालून झाले होते, एकाची जागा तेवढी उघडी होती.

दुसऱ्या दिवशी पल्याडचे लोक वाचलेल्या एका होडीतून खेपा करत आले, सगळेच्या सगळे. हौशी आली, मूल घेऊन. त्यांनी आठ दिवस वाळू शोधली, खडपं शोधली, खाडी शोधली. नगारा सापडला होता, देवीची मूर्ती चिखलात सापडली, ठकूबाय सापडली नाही. शेवटी जमात बसली. थोरले म्हणाले, आता तिचं क्रियाकर्म करायला हवं, आणि हौशीनं तो राहिलेला टाका घालावा. हौशी म्हणाली की तो टाका माझा नाही, आईचा आहे, आणि ती मी आले असं सांगून गेली आहे. कुणीतरी समजावलं की पोरी, दर्यानं नेलं तिला. हौशी म्हणाली, दर्यानं आणून दाखवावं, मग मानेन. सगळ्यांनी जोमा पाटलाकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, पोर बरोबर बोलते.

त्याला आता किती पिढ्या झाल्या. होड्यांना यंत्रं आली, शिडं गेली, वादळाची वर्दी मोबाईलवर येते. तरी कार्तिकात एक दिवस अख्खं धामणवेळ सड्यावर चढतं आणि खाडीपलीकडचा पाडाही येतो. जाड कापड मधोमध फाडतात आणि सगळे एकेक टाका घालतात. तान्ह्या मुलाचं बोट धरून त्याच्याकडूनही दाभण टोचून घेतात. मुंबईला कामाला गेलेले त्या दिवसाची सुट्टी आधीच मागून ठेवतात. शेवटच्या टाक्याची जागा उघडी ठेवतात, आणि ते शीड नव्या देवळासमोरच्या काठीवर दर्याकडे तोंड करून बांधतात. सर्वपित्रीला गावात गेलेल्या सगळ्यांच्या नावानं पान वाढलं जातं. ठकूबायच्या नावानं अजून एकदाही वाढलेलं नाही.

बाहेरून आलेलं कुणी विचारतं, एवढी वर्षं झाली, ती परत येईल असं तुम्हाला खरंच वाटतं का? तेव्हा गावातली सगळ्यात थोरली बाई उत्तर देते. उत्तर ठरलेलं आहे, फक्त सांगणारी बदलते.

"यायचा का नाय ते ती बघल. पन ती गेली असा आमच्या तोंडून वदवायला दर्याला अजून जमला नाय."